सावधान, काम चालू आहे

मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले आणि वाहतूक सुरक्षेचा एक मूलगामी प्रयोग कोकणाच्या वाट्याला आला. इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी-55 ही मार्गदर्शिका कामाच्या जागेचे चार भाग पाडते: पूर्वसूचना, वळण, प्रत्यक्ष काम आणि शेवटी पूर्ववत रस्ता. इथे चौथा भाग वगळून केवढी सुटसुटीतता आणली! चमकत्या पट्ट्या, नारिंगी शंकू, झेंडीवाला यांचाही खर्च वाचला. वेग आवरायला खड्डे समर्थ आहेत आणि ते रात्रपाळीचा भत्ता मागत नाहीत.

कोणी म्हणेल, अंधारात न दिसणाऱ्या वळणावर माणसे मरतात. आक्षेप रास्त आहे. पण चुना फासलेले दगड आणि पिंपात खोचलेली फांदी असताना आणखी इशारा मागणे हा हावरेपणाच. दुसरा आक्षेप मुदतीचा. मुदत गणपतीसारखी असते: वाजतगाजत येते, विसर्जित होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा येते.

खरा धोका वेगळाच आहे. काम संपलेच, तर सरळ रस्त्याची सवय मोडलेल्या चालकांचे काय? त्यांच्यासाठी फलक आताच रंगवून ठेवावा: ‘सावधान! पुढे रस्ता आहे.’