विंटेज नाना

थळच्या प्रत्येक आळीत एक तरी नाना असतात, आणि हल्ली त्यातल्या बऱ्याच नानांना लुना सापडते. वास्तविक ती हरवलेली नसतेच. पोराने मोटरसायकल आणली त्या दिवशी नानांनी स्वतःच्या हाताने तिला मागच्या पडवीत ढकललेलं असतं. वर झापं टाकलेली, झापांवर नारळ, नारळांवर सुपारीची पोती. पुढच्या बास्केटात कोंबडीने यथावकाश पिल्लं काढलेली.

मग शनिवार-रविवार काढायला आलेला मुंबईचा एखादा पाहुणा शहाळं शोधत पडवीत डोकावतो आणि ओरडतो, ‘‘अंकल, ही तर विंटेज!’’ तिथून नानांची चाल बदलते. तरुणपणी चढावर पेडल मारताना कुणी ओळखीचं दिसलं, की उतरून चेन बघायचं नाटक करणारे नाना आता येईल त्याला पकडून सांगतात, ‘‘1972 साली फिरोदियांनी आणली. मूळ इटलीची, पिआजिओची ‘चाओ’. 50 सीसी!’’ 2024 साली विजेवरची लुना निघाली, तिचं नाव काढलं तर नाना तोंड फिरवतात. धूर नाही ती कसली लुना!

धूर यांच्याकडे भरपूर. सकाळी नाना प्लग काढतात, पॉलिश पेपरने घासतात, फुंकर मारतात, लुंगीला पुसतात. पेट्रोलमध्ये ऑइल औषधासारखं मोजून घालतात. गाडी स्टँडवर घेऊन जीव तोडून पेडल मारतात. मागचं चाक गरगर फिरतं, इंजिन एकदा खाकरतं, निळा लोट निघतो, आणि त्यातून थोडी कोंबडीची पिसं.

अडचण कायद्याची आहे. 2021च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणून नोंद व्हायला गाडीला 50 वर्षं पूर्ण लागतात. नानांची 1978ची, आरसी बुकात जिल्हासुद्धा अजून कुलाबाच. म्हणजे 2028 उजाडेपर्यंत ती नुसतीच जुनी. शिवाय इंजिन, चासी, बॉडी मूळची हवी, म्हणून खाऱ्या वाऱ्याने चाळण झालेल्या मडगार्डला हात लावायची कुणाला परवानगी नाही. ‘‘समोरच्या खांदेरीला 2025 साली युनेस्कोने घेतलं की नाही?’’ नाना समुद्राकडे बोट दाखवतात. ‘‘तिची तटबंदी कुणी रंगवली होती का?’’

त्याच नियमात नानांना एक रत्न गवसलंय. विंटेज गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोल, एवढ्यालाच. परवा काकूंनी पिशवी पुढे केली, ‘‘अहो, बाजारातून बोंबील आणा.’’

‘‘अगं, गाडी अशी बाहेर काढणं कायद्यात बसत नाही.’’

‘‘कायदा 2028 पासून ना? तोवर ती जुनीच आहे. निघा. आणि बंद पडली तर पेडल मारा, पण बाजार उठायच्या आत पोचा.’’