देवा, जरा डोळे मीट

आजकाल अध्यात्माला विज्ञानाचा दाखला क्वांटम खात्यातून मिळतो. महाराज माइक हातात घेतात, मागच्या पडद्यावर दोन फटींचं चित्र येतं आणि सभागृह श्वास रोखून बसतं. एकेक इलेक्ट्रॉन सोडत गेलं की पलीकडे पट्ट्यापट्ट्यांची नक्षी उमटते. तो नेमका कोणत्या फटीतून गेला हे तपासायला गेलं की नक्षी गायब. इथवर महाराजांचं बिनचूक असतं. पुढच्या वाक्याला बघणाऱ्याच्या चैतन्यातून विश्व निर्माण होतं, आणि त्याच्या पुढच्या वाक्याला बाहेरच्या टेबलावर क्वांटम पेंडंट मिळतं.

आमची शंका साधी आहे. देव सगळं बघतो, हे आम्हाला फडताळातल्या लाडवांपासून ठाऊक आहे. म्हणजे तो फटीही बघत असणारच. कोणता इलेक्ट्रॉन कुठून निसटला, हे त्याच्यापासून लपेल कसं? मग महाराजांच्याच हिशेबाने नक्षी कधीच उमटायला नको. पण ती उमटते. तेव्हा एक तर प्रयोगाच्या वेळी देवाने डोळे मिटलेले असतात, नाहीतर नुसत्या बघण्याने काही होत नाही. नास्तिकांना जन्मभर जे जमलं नाही, ते महाराजांनी पाऊण तासाच्या प्रवचनात करून दाखवलं, तेही टाळ्या घेऊन.

सगळा दोष महाराजांचा नाही म्हणा. यूजीन विग्नर या नामवंत भौतिकशास्त्रज्ञाने १९६१ साली खरोखरच लिहिलं होतं की मोजमाप पुरं व्हायला जाणीव लागते. १९६३ साली त्याला नोबेल मिळालं, ते वेगळ्याच कामासाठी. पुढे त्याने हे मत सोडून दिलं. पण फॉरवर्डमध्ये माणूस मत बदलत नाही. श्रोडिंगरचं मांजरही तसंच. एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं मांजर त्याने १९३५ साली मांडलं ते क्वांटम सिद्धान्ताच्या प्रचलित अर्थातला विक्षिप्तपणा दाखवायला. प्रवचनात ते साक्षात्कारी होऊन बसलंय. श्रोडिंगरला वेदान्ताची ओढ होती हेही खरं. त्याचा वेदान्त सगळ्यांना पाठ, थट्टा कुणालाच नाही.

बघणारा नसेल तर सत्य असतं का, हा वाद जुनाच. १९३० च्या जुलैत बर्लिनजवळच्या कापुट गावी रवींद्रनाथ आइन्स्टाइनला भेटले. सत्य मानवी मनावाचून नाही, असं कवीचं म्हणणं. माणूस असो-नसो, सत्य आहेच, असं आइन्स्टाइनचं. फक्त ते सिद्ध करता येत नाही, ही आपली श्रद्धा आहे, हे त्याने कबूल केलं आणि मग मीच तुमच्यापेक्षा जास्त धार्मिक, असंही म्हणाला. हा किस्सा महाराज सांगत नाहीत. त्यात पेंडंटला जागा नाही.

भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलने तर खवचटपणे विचारलं होतं की विश्व कोट्यवधी वर्षं एखाद्या एकपेशीय जिवाची वाट बघत होतं, की पीएचडीवाल्याची? पीएचडीवाल्याची असती, तर आमच्याकडे गाइडची सही होईपर्यंत विश्व अडकून पडलं असतं.

नक्षी पुसायला बघणारा लागतच नाही, हे व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००४ साली सरळ करून दाखवलं. सत्तर कार्बन अणूंचे रेणू त्यांनी लेझरने तापवले. तापलेले रेणू स्वतःच प्रकाश फेकू लागले, त्या प्रकाशातून त्यांचा ठावठिकाणा फुटला आणि नक्षी विरत गेली. कुणी डोळे लावून बसलं नव्हतं. हवेचा एखादा भटका रेणूही तेवढंच काम करतो. म्हणून तर क्वांटम संगणकाच्या अनेक चिपा निर्वात पेटीत, निरपेक्ष शून्याच्या शेजारी ठेवाव्या लागतात. आपल्या सरकारने २०२३ साली राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३ कोटी ६५ लाख रुपये मंजूर केले. प्रश्न नुसता नजरेचा असता तर पडदे शिवून भागलं असतं.

हे सगळं प्रश्नोत्तरात मांडलं, तर महाराज मंद हसले. म्हणाले, त्या रेणूतही चैतन्यच आहे.

झालं तर मग! रेणू द्रष्टा, धूळ द्रष्टी, सभागृहातला घरघरणारा एसीही द्रष्टा. मग माणसाला द्रष्टा करणारी तीन दिवसांची निवासी कार्यशाळा कशाला, असं विचारेपर्यंत माइक आयोजकांच्या हातात गेला होता. नोंदणी शनिवारपर्यंतच, फी आगाऊ. भरलेली आणि न भरलेली अशा दोन्ही अवस्थांत एकाच वेळी असलेली फी स्वीकारली जाणार नाही.