ओव्हनवाले नाना

नगरच्या सावेडीत गुलमोहोर रोडच्या आतल्या गल्लीत बंगला, दारात तुळस आणि अमेरिकेतल्या मुलाने सुट्टीवर आल्यावर हौसेने घेऊन दिलेला गॅसचा ओव्हन, एवढं जमून आलं की बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाचा 'ओव्हनवाले नाना' होतो. पाइपलाइन रोडलाही हे सापडतात, भिस्तबागेकडेही. केक काय, कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळतो. नानांकडे मिळते कार्यपद्धती.

बोलावणं पाचचं असतं, बशी हातात येते सातला. आधी वही निघते. आयएसआय खुणेची नळी पाच वर्षांनी बदलायची असते. नाना चौथ्या वर्षापासूनच तिच्यावर संशय घेऊ लागतात. मग जुन्या दाढीच्या ब्रशने सांध्यांना साबणाचा फेस. बुडबुडा आला नाही की ते थोडे नाराजच दिसतात. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून खिडकीबरोबर मागचं दारही सताड उघडं. डिसेंबरात पाहुणे शाल पांघरून बसतात.

पेटवण्याचा विधी वेगळा. ओव्हनचं दार उघडं, आधी काडी, मग बटण. "उलट केलंत तर आधी भुवया जातील, मग पडदे!" ज्योत विझली तर बटण बंद आणि पाच मिनिटं सगळे गप्प. तेवढ्यात कुणी पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तर नाना जे ओरडतात ते शेजारच्या बंगल्यात ऐकू जातं. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की बर्नर साफ करायला माणूस येईपर्यंत केक रद्द, कारण अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो.

नंतर पंधरा मिनिटं रिकामा ओव्हन तापतो. आत वेगळा थर्मामीटर.

"काका, बटणावर १८० लिहिलंय की," शेजारची सूनबाई म्हणते.

"अर्जावर लिहिलेलं उत्पन्न आम्ही कधी खरं धरलं का?"

नानींचं माहेर दिवाळीत नानकटाईचे ट्रे बेकरीच्या भट्टीवर नेणारं. तूप गळू नये म्हणून त्यांनी एकदा ओव्हनच्या तळाशी फॉइल अंथरली. नानांनी ती तिथल्या तिथे काढली. तळाची भोकं बुजली तर हवा कुठून खेळणार? "अहो, त्या भट्टीवाल्याकडे थर्मामीटर नव्हता, तरी नानकटाई खुसखुशीत व्हायची," नानींनी सुनावलं. यावर नानांकडे उत्तर आहेच: गॅस जळताना वाफही तयार होते, म्हणून केक मऊ राहतो आणि नानकटाईला चार मिनिटं जास्त द्यावी लागतात. (नानी ती न सांगता देतातच.)

ट्रे मधल्या कप्प्यात, भांड्याभोवती चारी बाजूंनी जागा. दोन तृतीयांश वेळ होईपर्यंत दार उघडायचं नाही. नातू जवळ आला की नाना स्वतःच ओव्हनसमोर उभे. मध्येच वीज गेली तर मात्र त्यांचा चेहरा उजळतो. गल्लीतले बाकीचे केक बसतात, यांचा फुगत राहतो.

आणि केक? खरं सांगायचं तर उत्तम. तळ करपलेला नाही, मध्ये खड्डा नाही, कापला की सुरीला काही चिकटत नाही. नानांना हसायला गेलेले लोक दोन-दोन तुकडे खाऊन येतात.

तुम्हाला बोलावणं आलं तर घरून थोडं खाऊन जा, शाल न्या. पहिल्या तुकड्याबरोबर नाना एक नंबर लिहून घ्यायला लावतील, तो नक्की लिहून घ्या: गॅस गळतीसाठी १९०६, चोवीस तास.