धोंडाबाईंची धनश्री

– वहिनी, पावटा सोलताय वाटतं? सरकवा इकडे भिंतीवर थोड्या शेंगा. हाताला काम असलं की राग जरा आवरतो.

– राग? अहो बाई, रविवारी नातीचं बारसं, आणि आज राग कसला काढताय?

– नात लाखात एक आहे. राग पत्रिकेचा. सूनबाईंनी काल मोबाइलवर नमुना दाखवला. पाळणा, फुगे, ढगावर बसलेला ससा. सगळं झकास. आणि खाली निमंत्रकांत यांच्या नावाशेजारी कोण? तर म्हणे ‘सौ. धनश्री’! म्हटलं, ही कोण बया? यांनी परस्पर दुसरा घरोबा केला की काय?

– अगं बाई! तुमचंच नाव बदललं?

– हो ना. सून म्हणते, “आई, धोंडाबाई छापलं तर ऑफिसातले हसतील.” हसू देत की! झेडपीच्या शाळेत नोकरी काढली मी. पहिल्या दिवशी फळ्यावर स्वतःचं नाव लिहायचे, की पोरं खीखी करून हसायची. शनिवारच्या पाढ्यांपर्यंत कुणाचं हसू टिकलं नाही.

– ते खरं. आमचा धाकटा अजून तुमचं नाव काढलं की ताठ बसतो. पण बाई, राग मानू नका, एवढ्या नावांतून धोंडाच का सुचला हो तुमच्या घरच्यांना?

– माझ्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली. माझ्या आजीनं ठरवलं, आता गोड नाव नको. काळाची नजर चांगल्यावर पडते. दगडधोंड्याला कोण उचलून नेतंय? तेव्हाची रीतच होती ती. कुणी पोर उकिरड्यावर लोळवून आणायचं, तो उकिरडा. कुणी नाक टोचायचं, तो नथू. कुणी शेजारणीला देऊन कोंड्याच्या मोबदल्यात परत घ्यायचं, तो कोंडिबा. केरू, भिकू, दगडू, सगळी नवसासायासाची पोरं. माझ्या आईनं शेवटपर्यंत मला नुसतं ‘धोंडे’ म्हणून हाक मारली, पण त्यात जी माया होती ती धनश्रीला कुठून यायची?

– तसं बघितलं तर अण्णासाहेब कर्वेही धोंडोच की!

– तेच तर सांगितलं सूनबाईंना! धोंडो केशव कर्वे. 1916 साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं, 1958 ला भारतरत्न मिळालं, आणि 104 वर्षं जगले. आता गंमत बघा. अण्णांनी 1893 साली विधवेशी लग्न केलं, केवढं धाडस! त्या माहेरच्या गोदूबाई. लग्नानंतर झाल्या आनंदीबाई. म्हणजे धोंडोचा धोंडो राहिला, बदलली ती गोदू!

– अय्या, हे लक्षातच नाही आलं कधी.

– रमाबाई रानडे घ्या, माहेरच्या यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशी, त्याही यमुनाच. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं नाव रेखायचं, आणि पेढे वाटले की आधीची पोरगी संपली. माझ्या सासूबाईंनीही ‘सुलोचना’ रेखायला लावलं होतं. त्यापायी केवढा घोळ! शाळेच्या दाखल्यावर धोंडाबाई, रेशनकार्डावर सुलोचना. पेन्शनच्या वेळी टेबलावरचा बाबू विचारतो, या दोघी एकच कशावरून? प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात द्या, जाहिरात आणा. चपला झिजल्या माझ्या.

– म्हणून मग सुलोचना कायमची गेली?

– गेली. बाईचं काही वाईट नव्हतं, पण माझी तिच्याशी ओळखच झाली नाही.

– एक विचारू? मग आपल्या साताऱ्यात त्या नकुशींची नावं बदलली, ती कशाला? 2011 साली, ऑक्टोबरात, चांगला मोठा कार्यक्रम झाला होता. 285 पोरी होत्या. तुमच्या हिशेबानं त्यांनीही तेच नाव मिरवायचं होतं.

– छे हो! धोंडी आणि नकोशी, दोन्ही ऐकायला ओबडधोबड, म्हणून एका माळेत ओवू नका. धोंडी म्हणजे ‘ही जगू दे’. नकोशी म्हणजे ‘पुढची तरी मुलगी नको’. तिच्या नावात ती कुठेच नाही, न आलेला भाऊ बसलाय. वर्गात हजर म्हणायला उभं राहायचं आणि रोज सगळ्यांसमोर कबूल करायचं, की मी कुणाला नको होते. ते टाकलं हे उत्तम केलं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, आपापल्या पसंतीनं. माझं म्हणणं एवढंच, की ठेवायचं का टाकायचं हे ज्याचं नाव त्यानं ठरवावं. सुनेच्या ऑफिसनं नाही.

– हे तुम्ही तिला तोंडावर सांगितलंत?

– सांगितलं. म्हटलं, तुझ्या लग्नात आमच्या नणंदबाई तांदळाचं ताट घेऊन आल्या होत्या, आठवतंय? तू म्हणालीस, माझं नाव मला आवडतं. तेव्हा ते ताट कुणी उचलून आत नेलं? मी. खिचडी केली त्या तांदळाची दुसऱ्या दिवशी. आणि आता तूच माझं बारसं करायला निघालीस?

– मग काय म्हणाली?

– आधी गप्प. मग हसली. पोरगी गुणी आहे हो. तिथंच बसून धोंडाबाई करून घेतलं, आणि ठळक अक्षरात.

– चला, सुटलात. आणि नातीच्या नावामागे तिचंही नाव लागणारच असेल?

– लागणारच. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांना नियमच आहे सरकारचा. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. आमच्या काळी शाळेच्या रजिस्टरात आई हुडकून सापडायची नाही.

– पण नाव ठरलं कोणतं?

– आत्या कानात सांगेपर्यंत गुपित! नेटवरनं शोधलंय. अर्थ म्हणे सूर्याचा पहिला किरण. त्या नेटवर बघावं ते नाव एक तर सूर्याचा पहिला किरण, नाही तर विष्णूचा अंश. असू दे. अर्थ काय, पोरगी मोठी झाली की आपला आपण भरेल त्यात.

– हे छान बोललात. प्रत्येकाचं नाव प्रत्येकाला प्यारं, दुसऱ्यानं हसू नये.

– अगदी! बरं वहिनी, शेंगा संपल्या, पण जाता जाता... कोपऱ्यावरच्या बंगल्यात नवीन कुत्रं आणलंय ना? त्याचं नाव काय ठेवलंय, कळलं का? ‘भाऊसाहेब’! अहो, काल गेटवर हाक मारली, तर रस्त्यावरचे तिघे जण वळून बघायला लागले!