उजेडाची मिजास

सोलर पर्यावरणासाठी बसवतोय, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं कारण असं, की लाईट गेल्यावर अख्ख्या आळीत फक्त आमच्या पडवीत दिवा असावा आणि लोकांनी मोबाईल चार्जिंगला आमच्याकडे यावं. मी ‘ठेवा तिथं’ म्हणणार. तेही जरा तुटकपणे. वेल्ह्याचा आता राजगड तालुका झाला, मग वागण्यात थोडा राजेपणा नको?

सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान. ते मी मनातल्या मनात खर्चूनही टाकलं होतं. मग कोटेशनवाला पोरगा म्हणाला, “काका, लाईट गेली की हे पण बंद.” छपरावरची वीज उलटी तारेत शिरून खांबावरचा वायरमन मरू नये, म्हणून इन्व्हर्टर आपणहून थांबतो. भर पावसात खांबावर चढणारा आमचा वायरमन डोळ्यांपुढे आला आणि माझी हुज्जत घशातच राहिली.

अंधारात दिवा हवा तर हायब्रीड इन्व्हर्टर हवा, बॅटरी हवी. आणि बॅटरीला योजनेत वेगळा रुपया नाही. उजेडाला सरकार पैसे देतं, मिजाशीला नाही. लिथियमचा भाव ऐकून ही म्हणाली, “तेवढ्यात म्हैस येईल. ती अंधारातही दूध देते.”

बॅटरीचं म्हणाल तर शेजारच्या भोरकरांकडे केवढी आहे! भाटघर. 1928 सालचं लॉईड धरण. पावसाळ्यात चार्ज करायची, उन्हाळ्यात उतरवायची; पायथ्याला 16 मेगावॅटचं वीजघर. ना वॉरंटी कार्ड, ना डिस्टिल्ड वॉटर. शंभरीला आली तरी चालू! डिलिव्हरी मात्र नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणला. वेळवंडी नदीकाठची भातखाचरं तिच्यापायी बुडाली, त्यांचं कोटेशन कुणी काढलं असेल? धरणाच्या वरच्या वाड्या वैशाखात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. धरण उशाला, कोरड घशाला. हे मला हसत लिहिता येत नाही.

असो. पोरगा थांबला होता. मी धीर करून बॅटरीसकट आकडा मागितला. त्यानं आधी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“काका, आषाढ-श्रावणात इकडं ऊन कुठंय? बॅटरी भरायची नाही.”

“आणि लाईट तर तेव्हाच जाते. मग भरायची कशावर?”

“लाईटीवर.”