नाशिकची मिसळोद्याने: एक कौटुंबिक प्रवासवर्णन

मनोरंजन उद्यान, म्हणजे एखादी कल्पना मध्यभागी धरून तिच्याभोवती पाळणे, देखावे, पुतळे आणि तिकीटखिडक्या मांडलेली आखीव जागा, जिला बोलण्यात थीम पार्क म्हणतात, ही संस्था बहुतेक ठिकाणी आधी खेळ आणि मागाहून खाणे या क्रमाने उभी राहते. नाशिक शहराच्या कडेला पसरलेल्या मळ्यांमध्ये मात्र हा क्रम उलटा आहे. तेथे आधी मिसळ आली, मिसळीमागोमाग रविवारची रांग आली, आणि रांगेतल्या मुलांनी आपापल्या आईबापांचा जीव खाऊ नये म्हणून झोका, बैलगाडी, बदके, घसरगुंडी आणि जात्यावर दळण दळणाऱ्या सिमेंटच्या बाईचा पुतळा अशा वस्तू यथावकाश दाखल झाल्या. अशा जागेला प्रस्तुत लेखात ‘मिसळोद्यान’ म्हटले आहे. नाशिककर हा शब्द कधीही वापरत नाही. तो ‘मिसळ खायला चाललोय’ एवढेच सांगतो आणि सोबत टोप्या, पाण्याच्या बाटल्या, मुलांचे जादा कपडे व सासूबाईंची औषधे घेऊन निघतो, यावरून काय ते समजावे.

हा उलटा क्रम अगदीच पोरका नाही. कॅलिफोर्नियातील ब्युएना पार्क येथे वॉल्टर नॉट हे गृहस्थ बेरीची शेती करीत आणि फळे रस्त्याकडेला विकत. १९३४ मध्ये त्यांच्या पत्नी कॉर्डेलिया यांनी लग्नात मिळालेल्या चिनी मातीच्या बशांमध्ये तळलेल्या कोंबडीची आठ जेवणे प्रत्येकी ६५ सेंटला वाढली, आणि पुढे त्या कोंबडीसाठी लोक तासन्‌तास ताटकळू लागले तेव्हा वॉल्टर नॉट यांनी त्यांच्या करमणुकीसाठी १९४० पासून एका ओसाड खाणवस्तीचा देखावा उभारायला घेतला. त्याचे मोठे उद्यान झाले, तरी त्याला कुंपण घालून प्रवेशशुल्क आकारायला १९६८ साल उजाडले. त्याच भागात, थोड्याच मैलांवर, वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी खेळ आधी मांडून आपले उद्यान उघडले, तर पहिल्याच दिवशी तेथले खाद्यपदार्थ संपले आणि नळजोडणी कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. लेकुरवाळ्या माणसाने भिस्त कोणावर ठेवावी, पाळणा आधी टांगणाऱ्यावर की कोंबडी आधी तळणाऱ्यावर, हा प्रश्न विद्वानांनी अजून हाताळलेला नाही. नाशिकने मात्र कोंबडीच्या जागी मटकी आणि बेरीच्या जागी द्राक्ष ठेवून आपला कौल केव्हाच दिला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे एक प्रातिनिधिक कुटुंब गृहीत धरले आहे. ते ठाण्याचे असून, इंदिरानगरात राहणाऱ्या लेकीकडे शनिवारी रात्री येऊन उतरले आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून अशा कुटुंबांची आवक वाढली असावी, कारण कसारा घाटातल्या वाहनांच्या रांगेची भीती ज्यांना घरी बसवून ठेवी ते आता मिसळीच्या रांगेत उभे राहायला मोकळे झाले आहेत. कुटुंबात गुडघे दुखणारे आजोबा, नेमकी त्याच दिवशी चतुर्थी आलेली आजी, तिखट खाण्याबद्दल स्वतःविषयी गैरसमज असलेला मुलगा, त्याची पत्नी, नऊ वर्षांचा नातू, दोन वर्षांची नात आणि प्रत्येक वस्तूपुढे उभी राहून छायाचित्र काढवून घेणारी एक कॉलेजकन्या यांचा समावेश होतो. मोहिमेचे नेतृत्व अर्थातच नाशिकच्या जावईबापूंकडे असते. ‘भाऊजी, जवळपास कुठे चांगली मिळत असेल तर तिथेच खाऊ, उगाच लांब नको,’ असे मेहुण्याची पत्नी संकोचाने म्हणते, आणि त्या क्षणी जावईबापूंच्या चेहऱ्यावर नाशिकचा संपूर्ण अपमान झाल्याचा भाव उमटतो.

वास्तविक जवळपास मिळणारी मिसळ कमी प्रतीची नसते. पंचवटी कारंज्यावरची अंबिका आणि सातपूरची श्यामसुंदर ही नावे नाशिकमध्ये घराण्यांच्या नावासारखी घेतली जातात, आणि काळ्या मसाल्याचा रस्सा, मोड आलेली मटकी, शेव, कांदा, लिंबू, पापड व पाव या मांडणीवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांना याहून अधिक काही लागत नाही. (कोल्हापूरकर रश्श्याला कट म्हणतो आणि त्याबरोबर पावाऐवजी ब्रेडचे काप मागतो, पुणेकर मिसळीत पोहे घालून घेतो, या दोन्ही पंथांविषयी नाशिकमध्ये सहिष्णुता बाळगली जाते, परंतु मोठ्याने नव्हे.) तथापि कुटुंबाच्या दृष्टीने शहरातल्या कोणत्याही नामांकित मिसळघराची अडचण अशी की तेथे खाणारा माणूस एकटा नसतो. त्याच्या खुर्चीमागे पुढचा इसम उभा असतो, आणि उरलेल्या पावाकडे तो ज्या नजरेने पाहतो तिच्यापुढे आजोबांना घास चावण्याचा धीर होत नाही. अशा जागा एकट्यादुकट्याच्या, फार तर जोडप्याच्या. तीन पिढ्या घेऊन जाण्याच्या नव्हेत.

म्हणून गाड्या गावाबाहेर वळतात. गंगापूर–सातपूर जोडरस्त्याच्या बाजूला चुलीवरच्या मिसळीसाठी प्रसिद्ध असलेली साधना, मखमलाबादच्या बाजूला द्राक्षबागेचा आसरा घेतलेली ग्रेप एम्बसी आणि त्यांच्या पाठोपाठ मळ्यामळ्यांतून निघालेली इतर अनेक ठिकाणे हा मिसळोद्यानांचा मुख्य प्रदेश होय. यांपैकी कोणते निवडावे याबद्दल नाशिककर रश्श्याच्या रंगावरून वाद घालतात, ही पद्धत अशास्त्रीय आहे. रस्सा ताटात फार तर वीस मिनिटे असतो. वाट पाहणे तासभर चालते. सबब निवड करताना वाट पाहण्याची जागा पाहावी, आणि ती कुटुंबातल्या सर्वांत थोरल्या व सर्वांत धाकट्या माणसाच्या नजरेने पाहावी. मधल्या वयाची माणसे कोठेही उभी राहून काहीही खातात, त्यांचे मत विचारात घेण्याचे कारण नाही.

थोरल्या माणसाच्या दृष्टीने पहिला विषय बाजेचा आहे. बाज म्हणजे लाकडी चौकटीवर सुंभ किंवा नवारपट्टी विणून केलेली खाट. ग्रामीण वातावरणाची खूण म्हणून ती मिसळोद्यानात हमखास ठेवलेली असते, आणि छायाचित्रात ती फार देखणी दिसते. गुडघे दुखणारे आजोबा तिच्यावर बसताच विणीच्या मध्यभागी खोल जातात, आणि टोकन क्रमांक पुकारला गेल्यावर त्यांना बाहेर काढण्यासाठी मुलगा व जावई अशी दोन माणसे लागतात, ज्यांपैकी एक त्या वेळी बिलाच्या खिडकीशी असतो. ज्या मिसळोद्यानात बाजेशेजारी पाठीची साधी प्लास्टिकची खुर्ची आढळते, त्याच्या मालकाच्या घरी म्हातारे माणूस आहे असे खुशाल समजावे. दुसरा विषय सावलीचा, तिसरा धुराचा. चुलीवरच्या मिसळीत चूल ही मध्यवर्ती कल्पना असल्यामुळे ती दर्शनी ठेवणे भागच असते, आणि वाऱ्याची दिशा न पाहता तिच्याजवळचे टेबल पकडणारे कुटुंब न खाताच डोळे पुशीत बसते. चौथा विषय स्वच्छतागृहाचा. त्याविषयी एवढेच सांगणे पुरे की अनुभवी आजी टोकन घेण्याआधी तिकडे एक फेरी मारून येते आणि तिच्या चेहऱ्यावरून पुढील निर्णय होतो.

धाकट्यांचे निकष वेगळे असतात. नऊ वर्षांच्या नातवाला झोक्यापेक्षा झोक्यासाठीचे भांडण अधिक प्रिय असते, आणि दोन वर्षांच्या नातीला बैलगाडी, घोडा, हवेने फुगवलेली घसरगुंडी हे सारे सोडून हात धुण्याच्या नळाशी खेळायचे असते, जो खेळ पूर्णतः मोफत असल्यामुळे मालकाच्या जाहिरातीत येत नाही. घोड्यावरची फेरी स्वतंत्र आकारणीची असते. ती संपल्यावर रडू सुरू होते, आणि रडू थांबवण्यासाठी दुसरी फेरी घ्यावी लागते, असे हे अर्थचक्र आहे. यावर एकच उपाय आढळतो, तो म्हणजे घोड्याचा रस्ता जेथून दिसत नाही अशा बाजूचे टेबल मागणे. जावईबापूंना ही युक्ती ठाऊक असते, परंतु बहुधा ती घोड्यावर बसवल्यानंतर आठवते.

द्राक्षबागेतल्या मिसळोद्यानाविषयी पाहुण्यांच्या अपेक्षा जरा सावरून घ्याव्या लागतात. नाशिकच्या वेलींची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, जिच्यात वेल जवळजवळ बोडका करतात, आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, जिच्यानंतर घड धरतात, पिकलेली द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चअखेर दिसतात. मुलांना सुट्टी मे महिन्यात असते. त्यामुळे ‘झाडावरची द्राक्षं दाखवतो’ असे वचन देऊन आणलेल्या नातवाला तारांवर ताणलेल्या काड्या आणि चार कोवळी पाने दाखवली जातात, आणि तो त्यांच्याकडे पाहून ‘आजोबा, यापेक्षा आपल्या सोसायटीतली बोगनवेल बरी’ असा अभिप्राय देतो. हंगामात आलेच, तर घड तोडून तोंडात टाकण्याचा मोह आवरावा. बागेवर फवारणी होत असते, ती ठाणेकराला विचारून होत नाही.

आता खुद्द मिसळीकडे. येथे तिखटपणाचे शास्त्र थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण कुटुंबातील बहुतेक अनर्थ त्याच्या अज्ञानातून घडतात. मिरचीचा झणका कॅप्सेसिन या द्रव्यामुळे येतो, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नसून तेलात विरघळते. रश्श्यावर तरंगणारा जो लाल तेलकट थर, ज्याला तर्री म्हणतात, त्यात तिखटाचा मोठा वाटा गोळा झालेला असतो. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, लहान मुलाला रस्सा द्यायचाच तर पळीने तर्री बाजूला सारून खालचा द्यावा; वाढणाऱ्याला ‘कमी तिखट द्या’ म्हटल्याने काही होत नाही, कारण त्याच्या व्याख्येतले कमी तिखट ठाण्याच्या व्याख्येत बसत नाही. दोन, जिभेला आग लागल्यावर पाणी पिऊ नये, त्याने ती तोंडभर पसरते. दह्यातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून बाजूला नेते, म्हणून ताटात दह्याची वाटी असते तीच उपयोगी पडते. तिखटाविषयी गैरसमज असलेला मुलगा ‘जरा झणझणीत येऊ द्या’ असे मेहुण्यासमोर म्हणून बसतो, तिसऱ्या घासाला त्याचे कान लाल होतात, चौथ्याला तो हवामानाविषयी बोलू लागतो, आणि पाचव्याला पत्नीच्या ताटातली दह्याची वाटी नाहीशी होते. जावईबापू हे पाहत असतात. ते काही बोलत नाहीत, फक्त वाढप्याला हात करून आणखी रस्सा मागवतात.

चतुर्थीच्या आजीचा प्रश्न मात्र मिसळोद्यानाने पूर्ण सोडवलेला नाही. काही ठिकाणी साबुदाण्याची खिचडी मिळते, पण नाशिकमध्ये साबुदाणा म्हटला की सायंताराच्या वड्याचे नाव निघते, आणि तो शहरात. म्हणजे उपवासाच्या एका माणसासाठी मोहिमेला वाट वाकडी करावी लागते. आजी ‘माझं काय, मी एक केळं खाईन’ असे म्हणते. हे वाक्य ज्यांनी शब्दशः घेतले त्यांच्या पुढच्या दिवाळीपर्यंतच्या हालांचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही.

मिसळीचा आणि स्थलदर्शनाचा क्रम कोणता ठेवावा, याबद्दल मात्र मतभेदाला जागा नाही. पंचवटीतली सीता गुंफा आधी आणि मिसळ नंतर. वनवासातली सीता जेथे राहिली असे मानतात त्या या गुंफेचा मार्ग इतका अरुंद व बुटका आहे की प्रौढ माणसाला वाकून, अंग चोरून, काही ठिकाणी बसूनच सरकावे लागते. तर्रीसकट दोन ताटे आणि चार पाव पोटात घेऊन तेथे उतरणारा भाविक स्वतः तर अडकतोच, मागच्या सर्वांनाही अडकवतो. पंचवटी, रामकुंड, शूर्पणखेची कथा सांगणारे तपोवन असा हा सारा परिसर म्हणजे अरण्यकांडावर आधारलेले एक विनाकुंपणाचे उद्यानच आहे, आणि त्याला कोणी थीम पार्क म्हटले तर नाशिककराला राग येईल, हेही तितकेच खरे.

ज्यांना कुंपणाचे व तिकिटाचे उद्यानच हवे असते ते नाशिककर शाळेच्या सहलीबरोबर किंवा बिऱ्हाडासह २०१३ मध्ये खोपोलीजवळ सुरू झालेल्या इमॅजिकाला जातात, नाहीतर शिर्डीच्या साईतीर्थाला, जेथे भक्ती हीच मध्यवर्ती कल्पना आहे. अशा उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास साधारणपणे मनाई असते, आणि या नियमाशी मराठी कुटुंबाचे जुने वैर आहे. धपाटे हे पर्समध्ये, टॉवेलाच्या घडीत आणि बाळाच्या दुपट्यात सपाट बसतात, हा त्यांचा गुण पाककृतीच्या पुस्तकांत नोंदवलेला नसला तरी सर्व आत्यांना ठाऊक असतो. मिसळोद्यानात या कौशल्याला वाव नाही. तेथे घरून डबा नेणाऱ्याला कोणी अडवत नाही, फक्त सगळे वळून पाहतात.

बिलाच्या खिडकीशी जो प्रसंग घडतो तो ठरलेला आहे. मेहुणा पाकीट काढतो, जावईबापू त्याचा हात धरतात, दोघेही फोन पुढे करून एकाच चौकटीवर कोड टिपण्याची शर्यत लावतात, आणि तेवढ्यात आजोबांनी बाजेवर बसण्याआधीच रोख पैसे देऊन टाकलेले असतात. परतताना ठाणेकर मंडळी गाडीत तृप्तीने डोळे मिटतात, कारण त्यांच्या हिशेबी दिवसाचे जेवण झालेले असते. परंतु नाशिकमध्ये मिसळ हा नाश्ता आहे, आणि जावईबापूंच्या घरी त्यांच्या मातोश्रींनी सकाळीच कुकर लावून वांगी भाजायला घेतलेली असतात. साडेबाराला पाने मांडली जातात. मोठी माणसे एकमेकांकडे पाहत ‘अगदी थोडंच वाढा’ म्हणू लागतात, आणि तेव्हा असे उघडकीला येते की नातवाने मिसळोद्यानात पापड आणि घोडा यांखेरीज काहीच घेतलेले नाही, त्यामुळे वरणभाताला न्याय देणारा घरात तो एकटाच उरला आहे.