मायनर करून टाका

सॉफ्टवेअरची टेस्टिंग कधी थांबवायची, यावर जाडजूड पुस्तकं आहेत. नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कबाहेर तर्री-पोहे खाणारं कुठलंही पोरगं ते एका घासात सांगेल: गो-लाइव्हची तारीख आली की! आदल्या संध्याकाळी डिफेक्ट शीटमध्ये पाच-सात ‘क्रिटिकल’ ठाण मांडून असतात. मीटिंग होते. बाहेर येईपर्यंत एकही उरत नाही. कोडला कुणी हात लावलेला नसतो, रकान्यात फक्त ‘मायनर’ लिहिलेलं असतं. जे तरीही हटत नाहीत, त्यांची रवानगी ‘फेज टू’मध्ये. फेज टू म्हणजे काय, हे वैदर्भीय माणसाला समजावायला नको. आमचा अनुशेषही तिथेच पडून आहे.

कंपन्यांचं सोडा, राज्य सरकारचं बघा. जून २०१७मध्ये ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली, ८९ लाख शेतकऱ्यांसाठी. अर्ज ऑनलाइन, छाननी संगणकाची. गो-लाइव्हचा दिवस मात्र पंचांगाने काढला. ऐन दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, मुंबईत ‘सह्याद्री’ अतिथिगृहावर प्रमाणपत्रं वाटली गेली, फोटो निघाले. फटाके नंतर वाजले. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी निघाले आणि यादी संकेतस्थळावरून उतरवावी लागली. सरकार म्हणालं, बँकांनी माहितीच चुकीची दिली. अहो, माहिती चुकीची आली तर काय, हीच तर पहिली टेस्ट केस!

आणि तो अंगठा. अर्जासाठी केंद्रावर नवरा-बायको दोघांनी अंगठा टेकवायचा. मातीत राबून रेषा झिजलेला अंगठा यंत्राला काही केल्या उमटेना. पुसून बघा, तेल लावून बघा, उद्या या. टेस्टिंगच्या खोलीत असा अंगठा कधी आला असेल का? तिथे सगळे माऊस धरणारे. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरलं, तेव्हा कर्जमाफीवरून विरोधकांचा मोर्चाही इथे येऊन धडकला. बग रिपोर्ट असा पायी चालत येण्याची वेळ दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरवर आली असेल, असं वाटत नाही.

टेस्टिंगने चुका सापडतात, चुका नाहीत हे सिद्ध होत नाही, हे डायक्स्ट्रा नावाचा डच गृहस्थ पन्नासेक वर्षांपूर्वीच सांगून गेला. तेव्हा कुठेतरी थांबावं लागणारच. भांडण थांबण्याशी नाहीच. कुठे थांबायचं ते आधी, डोकं थंड असताना लिहून ठेवा, आणि साइन-ऑफवर एक सही त्या केंद्रचालकाची घ्या, ज्याला उद्या रांगेच्या शिव्या खायच्या आहेत. त्या कागदावर त्याच्यासाठी जागाच नसते.

डोनाल्ड कनूथ यांनी आपल्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीबद्दल लिहून ठेवलंय, की आपण गेल्यावर उरलेल्या चुका सुविधा मानाव्यात. फारच सोशिक माणूस. आपल्याकडे त्यासाठी कुणाला मरावं लागत नाही. फीत कापली की भागतं.